प्रयत्न-प्रमाद अध्ययन आणि ओरिगामी टेसलेशन : कागदाच्या घड्यांच्या निमित्ताने एक विवेचन

प्रस्तावना

शैक्षणिक मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात थॉर्नडाइकच्या प्रयत्न-प्रमाद उपपत्तीला मानाचे स्थान आहे. पेटीत कोंडलेले भुकेले मांजर, बाहेर ठेवलेले अन्न, दार उघडणारा खटका आणि वारंवारच्या प्रयत्नांनंतर हळूहळू कमी होत जाणारा वेळ हे सारे आपले विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात. तयारीचा, सरावाचा आणि परिणामाचा असे तीन नियमही क्रमाने सांगतात. मात्र ही उपपत्ती ज्या रीतीने शिकविली जाते ती रीत पाठांतराची आहे. चुकत चुकत शिकण्याचा सिद्धान्त न चुकता पाठ करावा लागतो, ही विसंगती आपल्या अंगवळणी पडली आहे.

प्रस्तुत लेखात ओरिगामी टेसलेशन या कागदकलेच्या आधारे या उपपत्तीची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. ही कला जगभर बहुतांशी स्वप्रयत्नानेच शिकली जाते. कागद दुमडावा, फसावे, उलगडावे आणि पुन्हा दुमडावे हाच तिचा अभ्यासक्रम होय. परंतु हे प्रयत्न-प्रमाद मांजराच्या पेटीतील प्रयत्न-प्रमादासारखे आहेत काय? प्रस्तुत लेखकाच्या मते ते तसे नाहीत. दोहोंतील फरक महाविद्यालयीन अध्यापकाने लक्षात घ्यावा इतका महत्त्वाचा आहे.

टेसलेशन म्हणजे काय?

एकाच किंवा मोजक्याच आकारांनी, मध्ये फट न ठेवता आणि एकावर एक न चढविता, पृष्ठभाग भरून काढणे म्हणजे टेसलेशन. आपल्या भाषेत फरसबंदी. ओरिगामी टेसलेशनमध्ये ही फरसबंदी एकाच अखंड कागदातून, न कापता व न चिकटवता, केवळ घड्यांनी साधली जाते. होडी, टोपी, विमान या बालपणीच्या वस्तूंत कागदाचा आकार बदलतो. येथे कागद सपाटच राहतो, फक्त आक्रसतो आणि त्याच्या अंगावर चौरस, त्रिकोण, षट्कोन यांची नक्षी उमटते. असा कागद खिडकीशी प्रकाशासमोर धरला असता एक, दोन, तीन थरांच्या फिकट-गडद छटांतून दुसरीच नक्षी दिसू लागते.

या प्रकाराच्या विकासात जपानमधील शिक्षक शुझो फुजिमोतो (१९२२–२०१५) यांचे कार्य पायाभूत मानले जाते. १९७० च्या दशकापासून त्यांनी कागदाला पीळ देऊन नक्षी साधण्याच्या पद्धती मांडल्या. अमेरिकेतील रॉन रेश यांनीही स्वतंत्रपणे अशा घड्यांचा शोध घेतला होता. कोर्यो मिउरा यांनी १९७० च्या सुमारास मांडलेली तिरप्या समांतरभुज चौकोनांची घडी पुढे १९९५ मध्ये अवकाशात गेलेल्या जपानी उपग्रहाच्या सौर फलकासाठी उपयोगात आली. एरिक यर्डे यांचे या विषयावरील पुस्तक २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर हौशी मंडळींची संख्या वाढली.

आपल्याकडेही कागदाच्या घडीतून भूमिती शिकण्याचा विचार नवा नाही. टी. सुंदर राव यांचे घड्यांच्या भूमितीवरील इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झाले. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये शिकागो येथून त्याची आवृत्ती निघाली. कंपास न वापरता समभुज त्रिकोण कसा घडवावा हे त्यात आहे. टेसलेशनच्या त्रिकोणी जाळीची सुरुवात नेमकी याच कृतीने होते. महाराष्ट्रात पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी कागदाच्या घड्यांना विज्ञान-शिक्षणाचे साधन बनविले. पुणे-मुंबईच्या ‘ओरिगामी मित्र’ या हौशी गटाने ‘वंडरफोल्ड’ नावाने प्रदर्शनेही भरविली आहेत. मराठवाड्यातील महाविद्यालयांपर्यंत मात्र हे वारे फारसे पोहोचलेले नाही. याचे कारण साधनांचा अभाव असे म्हणवत नाही, कारण साधन म्हणजे एक कागद!

जाळी आणि रांगोळी

टेसलेशनची पहिली पायरी म्हणजे घडीरेषांची जाळी. चौरस कागदाचे निम्मे, निम्म्याचे निम्मे असे करीत ८, १६ किंवा ३२ भाग पाडावयाचे आणि मग तेच दुसऱ्या दिशेने करावयाचे. ८ भागांच्या जाळीसाठी दोन्ही दिशांच्या मिळून १४ घड्या लागतात, तर ३२ भागांसाठी ६२. प्रत्येक घडी कागदाच्या दोन्ही बाजूंनी दाबून घ्यावी लागते, म्हणजे पुढे ती उंचवट्याची (डोंगरघडी) किंवा खोलगट (दरीघडी) अशी कोणतीही भूमिका घेऊ शकते.

येथे नवशिक्याचा पहिला प्रमाद घडतो. तो कडेपासून एकेक पट्टी दुमडत जातो. पहिल्या पट्टीतील अर्ध्या मिलिमीटरची चूक दुसरीत मिसळते, ती तिसरीत, आणि सोळाव्या पट्टीपर्यंत रेषा भलतीकडेच सरकलेली असते. निम्म्या-निम्म्याने गेल्यास प्रत्येक नवी रेषा आधीच्या दोन रेषांच्या मध्ये बांधलेली राहते, त्यामुळे चूक साठत नाही. मोजणीतील त्रुटी साठणे आणि बांधलेली राहणे यांतील भेद विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकाच्या वहीत क्वचितच जाणवतो. येथे तो बोटांना जाणवतो.

मराठी वाचकाला ही जाळी अनोळखी वाटू नये. आपल्या अंगणातील ठिपक्यांची रांगोळी याच दोन जाळ्यांवर उभी आहे. ठिपक्याखाली ठिपका आला की चौरस जाळी. दोन ठिपक्यांच्या मधोमध पुढचा ठिपका ठेवला की त्रिकोणी जाळी. ‘१५ ते ८ मधोमध’ अशी रांगोळी काढणारी गृहिणी मधल्या १५ ठिपक्यांच्या ओळीपासून वर आणि खाली एकेक ठिपका कमी करीत ८ पर्यंत येते आणि प्रत्येक बाजूला ८ ठिपके असलेला षट्कोन अचूक मांडते. उदबत्तीने भोके पाडलेला ठिपक्यांचा कागद घरोघरी असे, तोही एका अर्थी जाळीच होता. रांगोळीतील रेषा चुकली तर ती पुसता येते. कागदावरील घडी पुसता येत नाही. या फरकाकडे पुढे यावयाचे आहे.

एक पीळ आणि ४०९६ शक्यता

चौरस पीळ हा टेसलेशनचा मूळ घटक. झेरॉक्सचा ए-४ कागद कापून २१ सेंटिमीटरचा चौरस घ्यावा व त्यावर ८ × ८ जाळी घालावी. मध्यबिंदूभोवतीच्या २ × २ घरांत, प्रत्येक घराचा एकेक कर्ण घेऊन, शंकरपाळ्यासारखा उभा चौरस दुमडून घ्यावा. या चौरसाच्या चार शिरांपासून जाळीच्या रेषांवरून एक घर रुंदीच्या चार चुण्या चार कडांकडे जातात. साडीच्या निऱ्यांसारख्या, पण चार दिशांना. चारही चुण्या एकाच चक्राकार क्रमाने पाडल्या की मधला चौरस गर्रकन फिरतो आणि सपाट बसतो. सांगण्यात हे एवढेच आहे. करताना पहिल्या वेळी बहुधा मध्यभागी तंबूसारखा उंचवटा येतो किंवा कोपरा चुरगळतो.

आता या फसण्याचे गणित पाहू. या आकृतीत मधल्या चौरसाच्या ४ बाजू आणि चुण्यांच्या ८ रेषा मिळून १२ घडीरेषा आहेत. प्रत्येक रेषा डोंगर किंवा दरी होऊ शकते, म्हणून एकूण शक्यता २ चा १२ वा घात, म्हणजे ४०९६. मांजराप्रमाणे आंधळेपणाने एकेक शक्यता तपासावयाची ठरविल्यास एका प्रयत्नाला एक मिनिट धरूनही ६८ तासांहून अधिक वेळ लागेल. प्रत्यक्षात चिकाटीचा विद्यार्थी अर्ध्या तासात पीळ बसवितो. हे कसे घडते?

याचे उत्तर कागदाच्या स्वभावात आहे. कागदाच्या आतील कोणत्याही छेदबिंदूभोवती घड्या सपाट बसावयाच्या असतील, तर तेथील डोंगरघड्या व दरीघड्या यांच्या संख्येत नेमका २ चा फरक असावा लागतो. हा नियम जुन माएकावा यांच्या नावाने ओळखला जातो. चार रेषा मिळतात तेथे ३ आणि १ अशीच विभागणी चालते. २ आणि २ अशी विभागणी झाली की कागद फुगतो. दुसरा नियम कोनांचा. बिंदूभोवतीचे कोन एक सोडून एक घेतले तर त्यांची बेरीज १८० अंश भरली पाहिजे. यास तोशिकाझू कावासाकी यांचे नाव आहे. आपल्या पिळाच्या प्रत्येक शिराशी ४५, ९०, १३५ आणि ९० अंशांचे कोन आहेत. ४५ आणि १३५ मिळून १८०, तसेच ९० आणि ९० मिळून १८०. म्हणजे आकृती निर्दोष आहे. दोष असलाच तर दिशांच्या निवडीत आहे.

तिसरा नियम बोटांना सर्वांत आधी कळतो. शेजारच्या दोन्ही कोनांहून लहान असलेल्या कोनाच्या दोन कडा एकाच दिशेने दुमडता येत नाहीत, कारण तसे केल्यास दोन्ही बाजूंचे मोठे भाग त्या अरुंद जागेत एकमेकांना भिडतात. म्हणून ४५ अंशांच्या कोनाची एक कड डोंगर असेल तर दुसरी दरीच असली पाहिजे. चारपैकी वेगळी पडणारी एकुलती रेषा या दोहोंतीलच एक असणार. उरलेल्या दोन रेषा एकाच जातीच्या. यावरून असे निष्पन्न होते की, मधल्या चौरसाच्या चार बाजूंची दिशा ठरविली की चुण्यांच्या आठही रेषांची दिशा आपोआप ठरते. चार बाजूंच्या शक्यता २ चा चौथा घात, म्हणजे १६. ४०९६ पैकी केवळ १६! त्यांतही चारही बाजू एकाच जातीच्या असलेल्या शक्यता दोनच, आणि त्या एकाच पिळाची पुढची व मागची बाजू होत.

हे नियम ठाऊक नसलेला विद्यार्थीही नकळत त्यांच्याच आधारे पुढे सरकतो. कारण चुकीच्या प्रयत्नात कागद सर्वत्र फुगत नाही. तो जेथे चूक आहे तेथे फुगतो.

मांजराची पेटी आणि कागदाची घडी

थॉर्नडाइकच्या पेटीचे दार उघडते किंवा उघडत नाही. मांजराने खटक्याच्या अगदी जवळ पंजा मारला काय किंवा विरुद्ध कोपऱ्यात ओरखडे काढले काय, पेटीचे उत्तर एकच असते : बंद. आपण कितपत जवळ आलो आणि कोठे चुकलो हे तिला सांगता येत नाही. म्हणूनच मांजराचे अध्ययन मंद होते आणि ते यशाच्या पुनरावृत्तीवर अवलंबून राहते. थॉर्नडाइकचा निष्कर्ष चुकीचा होता असे नव्हे. परंतु त्याने योजलेली परिस्थितीच मुकी होती. कोहलरने टेनेरिफ बेटावरील चिंपांझींच्या प्रयोगांतून १९१७ मध्ये मर्मदृष्टीची कल्पना मांडली, तिच्या मुळाशीही हाच आक्षेप होता : ज्या प्राण्याला परिस्थितीची रचना दिसतच नाही त्याने अंधारात चाचपडण्याखेरीज दुसरे काय करावे?

कागद बोलका आहे. चूक कोठे आहे ते तो उंचवट्याने दाखवितो आणि ती नोंदवूनही ठेवतो. फसलेला पीळ उलगडला की प्रत्येक प्रयत्नाची रेषा कागदावर उमटलेली असते. जाळीबाहेर पडलेली तिरपी रेघ, दोनदा दाबलेली कड, चुरगळलेला कोपरा हे सर्व वाचता येते. रांगोळीतील चूक पुसली की गेली. घडीतील चूक मागे राहते आणि पुढच्या प्रयत्नाला साक्ष देते. प्रयत्न-प्रमाद उपपत्तीची टिपणे देताना आपण ‘प्रमाद हळूहळू कमी होतात’ असे सांगतो. येथे ते केवळ कमी होत नाहीत, तर उपयोगाला येतात. अनुभवी हौशी कलावंत दुसऱ्याची कलाकृती शिकण्यासाठी प्रथम ती उलगडतात यात नवल नाही.

शेजाऱ्याचा प्रश्न

एक पीळ जमला म्हणजे टेसलेशन जमले असे नाही. त्याच ८ × ८ जाळीत, चार-चार घरांच्या अंतराने, चार पीळ बसतात. प्रत्येक चुणी आपल्या रुंदीच्या दुप्पट कागद खाते, म्हणून २१ सेंटिमीटरचा कागद मिटून साडेदहा सेंटिमीटरचा होतो, म्हणजे क्षेत्रफळाने एक चतुर्थांश. परंतु पहिला पीळ उजवीकडे फिरविला आणि दुसराही तसाच फिरवू लागलो की हात अडतो. दोहोंना जोडणारी चुणी एकच आहे. पहिला पीळ तिला एका बाजूला पाडू पाहतो तर दुसरा विरुद्ध बाजूला. म्हणून शेजारचा पीळ उलट दिशेनेच फिरवावा लागतो, बुद्धिबळाच्या पटावर काळ्याशेजारी पांढरे घर यावे तसा.

ही गोष्ट चौरस जाळीत सुखाने पार पडते. त्रिकोणी जाळीत मात्र जिज्ञासू विद्यार्थी हटकून एका कोंडीत सापडतो. तीन पीळ असे मांडले की प्रत्येक पीळ उरलेल्या दोघांशी थेट एकाच चुणीने जोडला जाईल, तर पहिला उजवा, दुसरा डावा आणि तिसरा? तो उजवा असेल तर पहिल्याशी पटत नाही. डावा असेल तर दुसऱ्याशी. कितीही प्रयत्न केले तरी तो बसणार नाही. येथे अपयश हे हाताच्या कौशल्याचे नसून आराखड्याचे आहे. हौशी मंडळी यातून वाट काढतात ती अशी की, दोन षट्कोनी पिळांना थेट न जोडता मध्ये त्रिकोणी पीळ घालावयाचा. मग षट्कोन सारे एका दिशेचे आणि त्रिकोण सारे उलट. विषम संख्येच्या फेऱ्यात दोन रंग आलटून पालटून भरता येत नाहीत हे आलेखशास्त्रातील प्राथमिक विधान विद्यार्थ्याने अशा वेळी स्वतः शोधलेले असते, भले त्याला त्याचे नाव ठाऊक नसो.

‘आपल्याला जमत नाही’ आणि ‘हे होऊच शकत नाही’ या दोन वाक्यांत महदंतर आहे. आपल्या भागातील पहिल्या पिढीचा पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी प्रत्येक अडथळ्यावर पहिलेच वाक्य उच्चारतो, कारण दुसऱ्या वाक्याची शक्यता त्याला कोणी दाखविलेलीच नसते. गणितात नापास झालेला विद्यार्थी स्वतःला दोष देतो. प्रश्नात त्रुटी असू शकते, तपासून पाहावे, असे त्याच्या मनातही येत नाही. कागदासमोर हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला मिळतो.

नियमांची मर्यादा

मग नियम आधीच सांगून टाकले तर प्रयत्न-प्रमादाची गरज काय, असा आक्षेप येऊ शकतो. त्याचे उत्तरही गणितानेच दिले आहे. माएकावा व कावासाकी यांचे नियम एका बिंदूपुरते आहेत. प्रत्येक बिंदू नियमात बसला तरी संपूर्ण कागद मिटेलच अशी हमी नाही, कारण दूरचे दोन थर एकमेकांच्या आड येऊ शकतात. संपूर्ण आराखडा सपाट मिटेल की नाही हे ठरविणे, सर्वसाधारण स्थितीत, संगणकालाही अत्यंत कठीण वर्गातील समस्या आहे, असे मार्शल बर्न आणि बॅरी हेज यांनी १९९६ मध्ये सिद्ध केले. याखेरीज मिटविण्याचा क्रम, बोटांचा दाब, कोणती चुणी आधी धरावी आणि कोणती सैल सोडावी, हे कोणत्याही सूत्रात येत नाही. नियम शक्यतांचे रान छाटून देतात. उरलेली वाट हातानेच काढावी लागते.

कागदाची निवड हाही असाच हाताचा विषय. वहीला घालावयाचा खाकी कागद स्वस्त व चिवट असून सरावाला उत्तम. घोटीव कागदाचा रंग घडीवर उडतो. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कागद घडीवर तडकतो, श्रावणात तो मऊ पडतो आणि घडी धरीत नाही. दौलताबादजवळील कागजीपुरा हे हातकागदाचे जुने गाव मराठवाड्यातच आहे, परंतु जाडसर हातकागद बारीक जाळीला मानवत नाही. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू एका दिशेने झुकलेले असतात. वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटते आणि दुसऱ्या बाजूने वेडेवाकडे, ते यामुळेच. जाळी घालताना एका दिशेच्या घड्या सहज पडतात व दुसऱ्या दिशेच्या हट्ट करतात, तेही यामुळेच.

महाविद्यालयातील उपयोजन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी स्तरावर कौशल्याधिष्ठित विषयांना श्रेयांक मिळू लागले आणि हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ येथील महाविद्यालयांपुढेही कमी खर्चाचे उपक्रम शोधण्याचा प्रश्न आला. त्या यादीत ओरिगामीचे नाव सहज बसेल. प्रस्तुत लेखकाला भीती आहे ती वेगळीच. तयार कलाकृतीला गुण देण्याची पद्धत स्वीकारली, तर विद्यार्थी पाऱ्या पाठ करून एकच नमुना घोटतील आणि आठवडाभरात मांजराची पेटी पुन्हा वर्गात येईल. म्हणून विद्यार्थ्याने सादर करावयाच्या साहित्यात फसलेले कागद अनिवार्य असावेत. प्रत्येक फसलेला कागद उलगडून, जेथे तो फुगला तेथे पेन्सिलीने खूण करून, त्या बिंदूवरील डोंगरघड्या व दरीघड्यांची संख्या शेजारी लिहावी. २ आणि २ अशी नोंद आढळली तर विद्यार्थ्याने चूक ओळखली. ३ आणि १ असूनही कागद अडला असेल तर शेजारच्या पिळाच्या दिशेकडे पाहावे. परीक्षकाला तयार नमुन्यापेक्षा या कागदांतून अधिक कळेल, आणि नक्कल केलेला कागद तर लगेच ओळखू येईल, कारण त्यावर एकही चुकलेली रेषा नसेल.

वेळेचा हिशेब व्यवहार्य आहे. ४८ मिनिटांच्या एका तासिकेत ८ × ८ जाळी आणि एक पिळाचा प्रयत्न होतो. चार पिळांसाठी दुसरी तासिका लागते. ३२ भागांची जाळी घरी घालून आणावी. तीन पिळांची कोंडी मात्र उत्तर न सांगता तिसऱ्या तासिकेला द्यावी, आणि ‘सर, हे होतच नाही’ असे कोणी म्हणाले तर ‘का होत नाही?’ एवढेच विचारून पुढच्या बाकाकडे जावे.